शिंपल्यातले पाणी आणि कावीळ

श्रोतेहो, आपण सोलापूरकर घाटावरची माणसे. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे आपले जेवण. तिसऱ्या आणि कालवे खावीत ती कोकणात. मग आज शिंपल्यांची गोष्ट कशाला? कारण ती मुळात पाण्याची गोष्ट आहे, आणि पाणी आपणही पितोच.

कालव खडकाला चिकटून बसते, तिसरी चिखलात राहते. भक्ष्यामागे धावणे त्यांना ठाऊक नाही. पाणी आत ओढायचे, त्यातले बारीक कण गाळून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचे, हा त्यांचा उद्योग. त्या पाण्यात गावाची घाण मिसळली, तर रोगजंतूही त्यांच्या अंगात साठतात. शिंपल्याला त्याचे काही वाटत नाही. भोगतो तो खाणारा.

नोव्हेंबर १९०२ मध्ये इंग्लंडात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन येथे महापौरांच्या मेजवान्या झाल्या. पानात कच्ची कालवे होती. ती एम्सवर्थची, आणि तिथे गावाची गटारे कालवांच्या जागेवरच सोडलेली! पाहुण्यांना विषमज्वर झाला. विंचेस्टरच्या कॅथेड्रलचे डीन त्यात दगावले. पुढे कालवे स्वच्छ पाण्यात ठेवून मग विकण्याची पद्धत रूढ झाली. जिवाणू त्याने बरेचसे निघून जातात. विषाणू मात्र चिवट. तो आत टिकून राहतो.

हा चिवटपणा आपल्या देशाने दिल्लीत पाहिला. १९५५ च्या अखेरीस नजफगड नाल्याचे घाण पाणी यमुनेत शिरून शहराचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. क्लोरीन वाढवले गेले. विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणूंना पुरलेले औषध विषाणूला पुरले नव्हते. ती कावीळ 'हिपॅटायटिस-ई' होती, हे जपून ठेवलेल्या रक्तद्रवावरून फार वर्षांनी कळले.

मग १९८८ साल. चीनमधल्या शांघायमध्ये लोकांनी सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरच्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून खाल्ल्या. सुमारे तीन लाख लोकांना 'हिपॅटायटिस-ए' ही कावीळ झाली. शिंपल्याने तोंड उघडले म्हणजे तो शिजला, असे नव्हे. आतले मांस निदान ९० अंश सेल्सिअसला दीड मिनिट तापले पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या रश्शात रटरटा शिजवतात, ती रीत चांगलीच म्हणायची.

काविळीला शिंपलाच लागतो असेही नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९८१ मध्ये पाण्यातूनच तिची साथ आली. आता आपले पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत व तेथून उजनी जलाशयात येते, आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूरला मिळते. कालवासारखे आपणही वरच्यांनी सोडलेल्या पाण्याच्या वाटेवर बसलेलो आहोत.

तेव्हा साथीच्या दिवसांत पाणी खळखळ उकळून प्यावे. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईच्या बाबतीत तर हयगय नकोच. 'ई' कावीळ तिला फार घातक ठरते. शिक्षकबंधुभगिनींनी मुलांना एक काम जरूर द्यावे: शाळेच्या टाकीतले पाणी कुठून येते आणि वाटेत त्याला काय काय मिळते, त्याचा नकाशा काढायचा. तो नकाशा ग्रामपंचायतीनेही पाहावा.