हाली, कलदार आणि कार्डावरचे पॉइंट



मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच एका तरुण शिक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, बँकेवाले दोन कार्डं देऊ करताहेत. एकावर कॅशबॅक आहे, दुसऱ्यावर विमानप्रवासाचे पॉइंट. कोणतं घेऊ?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कार्डाबद्दल मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. (हशा) त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या टेंभुर्णीच्या मातीत नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांसमोर तो वेगळ्या रूपात रोज उभा असायचा. म्हणून आजचा विषय हा.

आधी एक तारीख सांगतो, 1 मे 1981. त्या दिवशी आपला जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, हे तुम्हाला माहीत आहे. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत 'अमेरिकन एअरलाइन्स' या कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. आज कार्डांवर जे प्रवासाचे पॉइंट मिळतात, त्यांचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. पुढे 1986 मध्ये अमेरिकेतच 'डिस्कव्हर' नावाचं कार्ड देशभर आलं. त्यांनी मैलांची भानगड ठेवली नाही. वर्षभर जो खर्च कराल त्यातला छोटा हिस्सा रोख परत, एवढंच. ही झाली कॅशबॅकची सुरुवात. म्हणजे त्या शिक्षकाच्या हातातली दोन्ही कार्डं याच पाच वर्षांतली भावंडं आहेत.

आता आपल्याकडे येऊ. टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यात, आणि तालुक्याच्या पलीकडे लगेच बुलढाणा जिल्हा. आज ती नुसती जिल्ह्याची हद्द आहे. 1948 पर्यंत ती जवळजवळ दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. मध्ये करोडगिरीचे नाके. आणि रुपयेसुद्धा दोन. इकडे निजामाचा 'हाली' रुपया, चारमिनारचं चित्र असलेला. तिकडे इंग्रजांचा 'कलदार'. दोन्ही चांदीचे, दोन्हींना रुपयाच म्हणायचे, पण किंमत एक नव्हती. साधारण सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत.

म्हणजे बघा, कापसाची गाडी घेऊन जालन्याच्या बाजारात जायचं की हद्द ओलांडून वऱ्हाडात, हा नुसता भावाचा प्रश्न नव्हता. कोणत्या रुपयात भाव, हाही प्रश्न होता. तिकडे जास्त आकडा मिळाला तरी नाक्यावरची करोडगिरी वजा करायची. इकडे सात मिळाले तरी ते सहाच धरायचे. शेतसारा हालीत भरायचा, पण पलीकडच्या बाजारातली खरेदी कलदारात. हा हिशेब अंगठा उठवणारा माणूसही डोक्यात करत असे.

त्याही आधी, पेशवाईत, हा गोंधळ आणखी मोठा होता. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, प्रत्येक टाकसाळीचा वेगळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मध्ये काही कापून घेई. त्या कापण्याला शब्द होता 'बट्टा'. आज आपण म्हणतो ना, घराण्याच्या नावाला बट्टा लागला? तो शब्द सराफाच्या पेढीवरून आलाय. नाणं आहे, चकाकतंय, पण त्याची पूर्ण किंमत धरली जात नाही. हा बट्टा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं म्हणणं असं, की कॅशबॅक हा कलदार आहे आणि पॉइंट हा हाली आहे. हाली खोटा होता असं मी म्हणत नाही. त्यात खरी चांदी होती, मागे एक राज्य होतं. पॉइंटमागे तर चांदीही नाही. साम्य वेगळ्या जागी आहे. कॅशबॅकचे शंभर रुपये तुमच्या बिलातून वजा झाले की ते शंभरच रुपये. तेल घ्या, वह्या घ्या, एसटीचं तिकीट काढा. शंभर पॉइंट म्हणजे किती, हे मात्र पॉइंट काढणारा ठरवतो. आज एक तिकीट दहा हजार पॉइंटला असेल, उद्या तेच पंधरा हजारांना होईल. तुमच्या खात्यावरचा आकडा तोच राहतो, बट्टा मात्र वाढतो.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. 1923 साली लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, पण हा ग्रंथ शुद्ध चलनशास्त्राचा आहे. 1893 साली इंग्रज सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर चांदी नेऊन द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे, अशी सोय होती. ती गेली आणि रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर आलं. बाबासाहेबांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. पहिली, चलन काढणाऱ्याच्या हातात मोकळीक ठेवली तर तो ते जास्त काढणार, म्हणून त्याला मर्यादा हवी. दुसरी, रुपयाचा परदेशी दर स्थिर आहे का यापेक्षा त्या रुपयात माल किती येतो, हे महत्त्वाचं. गरिबाला बाजारातली किंमत कळते, दर कळून उपयोग नाही.

आता हाच निकष पॉइंटला लावा. पॉइंट काढायला मर्यादा आहे का? नाही. त्याला स्थिर खरेदीशक्ती आहे का? नाही. मग ते चलन कच्चं आहे.

चलन काढणाराच गेला तर काय होतं, हेही आपल्या देशाने पाहिलंय. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. जेटच्या प्रवाशांच्या खात्यावर मैल शिल्लक होते, पण ते वापरायला जेटचं विमानच नव्हतं. ती योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून पुढे दुसऱ्या नावाने चालू राहिली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट नव्या खात्यात गेले. प्रत्येक वेळी नियम ठरवले ते दुसऱ्याने. आपला हाली रुपयासुद्धा 1959 मध्ये चलनातून गेला, पण त्याआधी काही वर्षं तो भारतीय रुपयाबरोबर ठरलेल्या दराने चालू होता. लोकांना बदलून घ्यायला वेळ मिळाला. राज्य गेलं तरी चलनाची जबाबदारी कोणीतरी घेतली. खाजगी पॉइंटची तशी जबाबदारी घेणारं कोणी नसतं.

मग कॅशबॅक घ्या आणि मोकळे व्हा, असं सांगून मी खाली बसू शकतो. पण दोन गोष्टी राहतात, आणि त्या जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली व्याजाची. आपल्याकडे 'दामदुप्पट' नावाचा जुना नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही मानला. तरीही 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. ते दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले आणि 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आता कार्डाचं व्याज बघा. बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं. त्या दराने न भरलेली रक्कम चक्रवाढीने साधारण वीस महिन्यांत दुप्पट होते. आणि दुप्पट झाल्यावर थांबा म्हणणारा दामदुप्पटीचा नियम तिथे नाही.

साधा हिशेब करू. समजा महिन्याला 20,000 रुपये कार्डावर खर्च केले आणि एक टक्का कॅशबॅक मिळाला. झाले 200 रुपये. एक महिना ते 20,000 भरले नाहीत, तर साडेतीन टक्क्यांनी 700 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 126. एकूण 826 रुपये. म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळाचा कॅशबॅक एका महिन्यात गेला. उशिराचा दंड मी धरलेलाच नाही. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून छोटा आकडा छापलेला असतो. तो भरला की दंड टळतो, व्याज टळत नाही.

दुसरी गोष्ट, हे बक्षीस देतं कोण? बँक खिशातून देत नाही. कार्ड घासलं की दुकानदाराला पूर्ण पैसे मिळत नाहीत, काही टक्के कापले जातात, आणि त्यातला तुकडा तुम्हाला बक्षीस म्हणून येतो. ही आडतच आहे. बाजार समितीत आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा केवढा संप झाला ते आठवा. कारण आडत कोणाच्या नावावर लिहायची हा साधा प्रश्न नसतो. कार्डाची आडत दुकानदाराच्या नावावर आहे. तो ती मालाच्या भावात मिसळतो, आणि मग रोख देणारी बाईसुद्धा तोच भाव देते. तिला कॅशबॅक नाही आणि पॉइंटही नाहीत. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2010 मध्ये हेच मांडलं, की रोखीने खरेदी करणाऱ्या घरांकडून कार्डवाल्या घरांकडे दरवर्षी पैसा वळतो. युरोपीय संघाने 2015 मध्ये या आडतीवर मर्यादा घातली. क्रेडिट कार्डावर 0.3 टक्के.

तर त्या शिक्षकाला माझं उत्तर असं. सर, पहिल्यांदा स्वतःला विचारा, दर महिन्याचं बिल मी शेवटच्या रुपयापर्यंत भरणार का? पगार उशिरा होतो, घरात आजारपण येतं, पेरणीला पैसे लागतात. खात्री नसेल तर दोन्ही कार्डं परत करा. खात्री असेल तर विचारा, वर्षातून मी विमानात किती वेळा बसतो? आपल्याला विमान धरायला संभाजीनगरला जावं लागतं. मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, वर्षातून दोन-तीन खेपा होतात, आणि पॉइंट त्याच वर्षी वापरून टाकायची सवय आहे, तर प्रवासाचं कार्ड कदाचित जास्त देईल. वार्षिक फी वजा करून बघा. नाहीतर कलदार घ्या. आणि पॉइंट घेतलेत तर साठवू नका. हाली रुपया पुरून ठेवला तरी त्यात चांदी राहायची. पॉइंटला मुदत असते.

आणि एक विनंती. गल्लीतल्या छोट्या दुकानात दोनशे रुपयांच्या किराण्यासाठी क्रेडिट कार्ड काढण्याआधी क्षणभर थांबा. 2020 पासून बँक खात्यातून थेट केलेल्या यूपीआयवर दुकानदाराकडून आडत घेतली जात नाही. तुमचे दोन रुपये बुडतील, पण त्याचा पूर्ण दाम त्याला मिळेल.

प्रश्न असतील तर विचारा. तो शिक्षक आज आलाय का? आलाय. मग पहिला प्रश्न त्याचा.