‘लीलावती’तला बाजार : त्रैराशिक आणि सोळा वर्षांची स्त्री

आजचा धागा एका गणितापासून सुरू होतो. अडीच पल कुंकुम ३/७ निष्काला मिळत असेल, तर ९ निष्कांना किती मिळेल? प्रश्न भास्कराचार्यांचा, ग्रंथ ‘लीलावती’, साल ११५०. (कुंकुम म्हणजे येथे देवघरातले कुंकू नव्हे, केशर. नऊ निष्कांचे कुंकू घेऊन कोणी काय करणार?)

शाळेत आपण असे उदाहरण ‘एकमान पद्धती’ने सोडवतो. आधी एका निष्काला किती, मग नवाला किती. प्राचीन रीत निराळी होती. तिचे नाव त्रैराशिक, कारण तीन राशी ज्ञात असतात आणि चौथी शोधायची असते. ज्ञात किंमत हे ‘प्रमाण’, तिला मिळणारी वस्तू हे ‘फल’ आणि आपल्याजवळचे द्रव्य ही ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. आर्यभटाने हा नियम इ. स. ४९९ मध्ये दिला आणि ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये. आधी गुणाकार आणि सर्वांत शेवटी भागाकार, यामुळे अपूर्णांकांचे लचांड अखेरपर्यंत टळते. आपल्या उदाहरणात अडीच गुणिले ९ म्हणजे साडेबावीस, त्याला ३/७ ने भागले की उत्तर ५२½ पल.

नियम इतका सोपा असताना त्यावर इतकी उदाहरणे कशासाठी? खरी अडचण एककांची होती. ‘लीलावती’च्या आरंभीचे नाण्यांचे कोष्टक पाहा : २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या! तांदळाच्या एका उदाहरणात भाव दोन द्रम्मांचा सांगितला आहे आणि गिऱ्हाइकाजवळ आहेत ७० पण. दोन द्रम्मांचे ३२ पण करून न घेता जो त्रैराशिक मांडील, तो तिथेच फसला. प्रमाण आणि इच्छा सजातीय असली पाहिजेत, हा आग्रह कोरडे शास्त्र म्हणून आलेला नाही. तो दुकानाच्या फळीवरच शिकावा लागतो.

कापराचे उदाहरण तर मला फार आवडते. ६३ पल कापूर १०४ निष्कांना, तर सव्वाबारा पलांचे किती? उत्तर : २० निष्क, ३ द्रम्म, ८ पण, ३ काकिणी, ११ कवड्या आणि वर एक नवमांश कवडी. कवडीचा नववा भाग कोणत्या वाण्याने कोणाला परत केला असेल? असली उत्तरे वाचली की कळते, हे आकडे बाजारातून टिपलेले भाव नव्हेत. विद्यार्थ्याचा कस पाहण्यासाठी योजलेले आहेत. म्हणून ‘लीलावती’तल्या किमतींवरून यादवकालीन महागाई काढू पाहणाऱ्यांपासून सावध राहावे.

मग इतिहासाला या उदाहरणांचा उपयोग काय? आकड्यांचा फारसा नाही. परंतु जे गृहीत धरले आहे, ते मात्र अमोल असते. आता व्यस्त त्रैराशिकाकडे वळू. एक राशी वाढली की दुसरी घटते, असा हा प्रकार. त्याचा उपयोग कोठे करावा हे सांगताना भास्कराचार्य पहिलाच विषय देतात तो सजीवांच्या वयाचा आणि किमतीचा. पुढचे उदाहरण असे : सोळा वर्षांच्या स्त्रीचे ३२ मिळतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीचे किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५.

येथे थांबले पाहिजे. हाच नियम आठ वर्षांच्या मुलीला लावला तर किंमत ६४ येईल आणि चार वर्षांच्या मुलीला लावला तर १२८. हे खुद्द ग्रंथकारालाही अभिप्रेत नसणार. सोळा हे मूल्याचे शिखर मानायचे आणि तिथून पुढे उतार मोजायचा, हे न सांगता समजलेले आहे. ३२ आणि १६ हे आकडे सोयीचे म्हणून निवडले असतील, पण स्त्रीचे वय वाढले की भाव उतरतो हे विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागले नाही. पुरावा तो आहे. भास्कराचार्यांच्याही आधी श्रीधराचार्यांच्या ‘पाटीगणिता’त ‘जीवविक्रय’ हा गणिताचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. तेव्हा ही कोणा एकाची लहर म्हणता येत नाही.

गणितग्रंथाबाहेर याला आधार आहे का? आहे. गुजरातेतील ‘लेखपद्धती’ या दस्तऐवजांच्या नमुनासंग्रहात दासींच्या विक्रीची पत्रे आहेत आणि त्यांत १३व्या शतकातील मित्या सापडतात. विकत घेतलेल्या स्त्रीने करावयाची कामेही त्यांत लिहिली आहेत : दळण, कांडण, सडासारवण, पाणी भरणे, सरपण आणणे, गुरांचे दूध काढणे, शेतावर ताक पोहोचवणे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. १२०७च्या सुमाराचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्या मठात त्रैराशिक शिकणाऱ्या मुलांनी केशर, कापूर आणि तांदूळ यांच्याच रांगेत ती सोळा वर्षांची स्त्रीही सोडवली असणार.

शेवटी एक शब्दाची गोष्ट. कोलब्रूकच्या १८१७च्या इंग्रजी भाषांतरात येथे ‘गुलाम स्त्री’ असे शब्द आहेत. मूळ श्लोकात ‘दासी’ हा शब्द नाही. तेथे नुसते ‘स्त्री’ आहे. तिच्या ३२ पुढे नाण्याचे नावही दिलेले नाही. निष्काचे नाव येते ते त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात, जिथे दोन वर्षे जू वाहिलेला बैल ४ निष्कांना मिळतो आणि सहा वर्षे वाहिलेल्याची किंमत विचारली आहे.