एक फाटक, तीन कामे

गेल्या काही भागांत आपण लढायांबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आज कारकुनीत शिरले. विषय आहे एका कागदाचा. एकाच कारखान्याच्या आवारात दोन-तीन बांधकामे चालू असतील, तर सरकारी निरीक्षकाला काय, कधी आणि किती वेळा कळवायचे? या कागदालाही इतिहास आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती शेवटी सांगतो.

सुरुवात दिल्लीपासून करू. १९८२ साली आशियाई खेळांसाठी राजधानीत मैदाने आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मी तेव्हा नुकताच लेफ्टनंट झालो होतो. आम्हा तरुणांना त्या झगमगाटाचे कौतुक होते. तिथे राबणाऱ्या मजुरांची हकिकत एका पत्रातून न्यायमूर्ती भगवतींकडे पोहोचली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही वेठबिगारीच, आणि बांधकाम हा धोक्याचा व्यवसाय असल्यामुळे चौदा वर्षांखालील मुलांना तिथे लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

तरीही बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा यायला १९९६ साल उजाडले. कारखान्याचा कायदा १९४८ पासून होता, पण त्याला भिंत लागते, भोंगा लागतो. बांधकाम मजुराचे तसे नाही. भिंत पुरी झाली की त्याचे काम संपले आणि तो पुढच्या गावाला निघाला. म्हणून नव्या कायद्याने आधी एक साधी गोष्ट मागितली : आम्हाला कळवा.

त्याचे कलम ४६ असे सांगत होते की, काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी मालकाने त्या भागाच्या निरीक्षकाला लेखी सूचना द्यायची. जागा कोणती, काम कोण करणार, कामाचे स्वरूप काय, यंत्रे कोणती, स्फोटके असतील तर ती कुठे ठेवणार, मजूर साधारण किती, जागेवर प्रमुख कोण आणि काम किती दिवस चालणार, हे सगळे त्यात हवे असे. यातले काही बदलले तर दोन दिवसांत तेही कळवायचे. सूचना न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा पाहून कंपन्यांचे हिशेबनीस हसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

युरोपनेही जवळपास याच काळात हा विचार केला. १९९२ च्या युरोपीय निर्देशानुसार काम ३० दिवसांहून जास्त चालणार असेल आणि एका वेळी २० हून अधिक माणसे असतील, किंवा एकूण काम ५०० मनुष्यदिवसांच्या वर जाणार असेल, तर आधी सूचना द्यायची आणि ती कामाच्या जागी ठळक लावायची. शिवाय एकाहून जास्त कंत्राटदार असतील तर त्यांच्यात मेळ घालणारा माणूस नेमायचा. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते. कंत्राटदार आपापल्या कामापुरता सावध असतो. अपघात बहुधा दोन कामांच्या सीमेवर होतो.

मी सॅपर, त्यामुळे ही सीमा मला सुरुंगांनी शिकवली. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले. प्रत्येक सुरुंगक्षेत्राची वेगळी नोंद असते : किती, कोणते, कुठून कुठपर्यंत. पण नुसत्या वेगळ्या नोंदींवर भागत नाही. वरच्या मुख्यालयात त्या सगळ्या एका नकाशावर उतरतात, कारण माझी हद्द संपते तिथे शेजारच्या तुकडीची सुरू होते. त्या फटीत पाय पडला तर माझी नोंद बरोबर होती, हे सांगून उपयोग नसतो.

आता माझी चूक. निवृत्तीनंतर मी दक्षिण गुजरातेतल्या एका कारखान्यात प्रशासन आणि सुरक्षेचा प्रमुख होतो. २०१५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आवारात तीन कामे चालू होती : मोठे गोदाम, बॉयलरजवळची नवी चिमणी आणि सांडपाण्याचे नळ टाकण्यासाठी चर. कंत्राटदार तीन, फाटक एक. गोदामाची सूचना रीतसर गेली होती. बाकी दोन कामांची फाइल माझ्यासमोर आली तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्याने म्हटले, "सर, साइट तर एकच आहे, सूचना गेलीय." शिवाय आमच्याकडे कारखान्याचा परवाना आहेच, हा मुद्दाही होता. मी सही केली.

जूनमधल्या एका सकाळी गोदामाच्या सळ्या घेऊन आलेला ट्रक चराच्या काठाशी उभा राहिला. रात्री पाऊस झाला होता. काठ खचला आणि आत काम करणारा पलामूकडचा एक मजूर कमरेपर्यंत गाडला गेला. मांडीचे हाड मोडले, जीव वाचला. ट्रकवाल्याला चर माहीत नव्हता आणि चरवाल्या मुकादमाला ट्रक कधी येणार ते माहीत नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चुकलो होतो मी. सुरुंगाची हद्द ओळखणाऱ्या माणसाला तीनशे मीटरच्या आवारातली हद्द दिसली नाही.

निरीक्षक आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "या कामाची सूचना कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. उपचारांचा खर्च कंपनीने केला, पण त्या मजुराकडे कल्याण मंडळाचे ओळखपत्र नव्हते. वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० वयाच्या कोणाही मजुराला ते मिळू शकते. तो बारा वर्षे राबत होता. सूचनेत मजुराचे नाव नसते, फक्त आकडा असतो. पण आकडाच गेला नाही तर नाव विचारायला कोण येणार?

परवान्याच्या मुद्द्याचा निकाल पुढच्याच वर्षी लागला. सोनभद्र जिल्ह्यातल्या लॅन्को अनपरा वीज प्रकल्पाच्या प्रकरणात कंपन्यांचे म्हणणे होते की, आमची नोंदणी कारखाना कायद्याखाली आहे, म्हणून १९९६ चा कायदा आम्हाला लागू नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. उत्पादन सुरू झालेले नसताना तिथे राबणाऱ्या बांधकाम मजुराला कारखाना कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मग दुसराही कायदा नाकारला तर तो दोन्हींच्या मधल्या फटीत पडेल. पुन्हा तीच फट!

आज हे दोन्ही कायदे, आणखी ११ कायद्यांसह, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, प्रश्न बदललेला नाही.

माझा सल्ला सैनिकी आहे. प्रत्येक कामाची सूचना वेगळी द्या, कारण प्रत्येकाचा कंत्राटदार, मुदत आणि धोका वेगळा. प्रत्येक सूचनेत त्याच फाटकाआड चालू असलेल्या इतर कामांचा उल्लेख करा. सर्व मजुरांची बेरीज एकत्र मांडा. जुन्या कायद्यात ५०० मजुरांवर सुरक्षा समिती सक्तीची होती. दोनशे-दोनशेचे तीन कंत्राटदार वेगळे मोजले तर ती समिती कागदावर कधीच लागत नाही; माणसे मात्र सहाशे असतात. आणि सगळी कामे एका नकाशावर काढून तो फाटकावर लावा, ट्रकवाल्यालाही कळेल अशा भाषेत.

तो मजूर चार महिन्यांनी काठी टेकत हिशेब घ्यायला आला होता. जाताना मला नमस्कार करून गेला. तो नमस्कार अजून माझ्या अंगावर आहे.

तुमच्या गावात, वडोदऱ्यात असो, इंदुरात असो की हैदराबादेत, एखाद्या कारखान्याच्या फाटकाआड क्रेन दिसली, तर तिथे सूचना लावलेली आहे का, एवढे बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.