घाटाच्या खालच्या पाच पायऱ्या

आमच्या वाड्याच्या मागच्या दारातून निघालं की थेट तलावात उतरता येतं. दगडी पायऱ्या चौदा. मृगाच्या आधी चौदाही उघड्या पडलेल्या असतात. भादव्यात तलाव भरला की वरच्या नऊ कोरड्या राहतात आणि खालच्या पाच बुडतात. या बुडणाऱ्या पाच पायऱ्यांपायी आमच्या घराने जे केलं, ते लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो.

तलाव म्हणजे मामा तलाव. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी मामाचा असावा. माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे आखूड रूप. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे 6,000 हून अधिक तलाव आहेत. त्यातले पुष्कळ गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. दोन टेकड्यांमधली उताराची जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, खाली धानाच्या बांधी काढायच्या. जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन, अशी राजाची रीत होती म्हणतात. आमचा तलावही कोहळ्यांनीच बांधलेला. आमच्या पणज्याने तो बांधला नाही, विकत घेतला. आधीचा मालक कर्जात बुडाला, गावाचा हिस्सा विक्रीला निघाला आणि पणज्याने बोली लावली. पुढे आमच्या घरात 'आपला तलाव' हा शब्द इतका रुळला, की पाळीवरची माती आपल्याच पूर्वजांनी डोक्यावर वाहिली असं आम्हा पोरांना वाटायचं.

मालगुजार हा प्रकार इंग्रजी अमलातला. नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढच्या बंदोबस्तात गावचा सारा गोळा करून देणाऱ्या माणसाला गावाचा मालक ठरवलं गेलं. त्याच वेळी गावोगावच्या वहिवाटीही लिहून घेतल्या. पाणी आधी कुणाच्या बांधीत जाणार, गुरं कुठे चरणार, सरपण कुठून आणायचं, मासे कुणी धरायचे. या कागदाला 'वाजिब-उल-अर्ज' म्हणत. नाव फारसी, आतला मजकूर आपल्याच गावचा. आमच्या गावचा तो कागद आजीच्या शिसवी पेटीत होता. त्याच्याकडे पुढे येतो.

मी जन्मलो तेव्हा मालगुजारी जाऊन वर्ष झालं होतं. त्यामुळे आधीच्या रीती मला कळल्या त्या आजीच्या तोंडून, आणि थोड्या डोंगेवाल्याकडून. डोंगेवाला म्हणजे ढिवर मोहल्ल्यातला म्हातारा. त्याला गावात याच नावाने हाक मारायचे. एका खोडातून कोरलेला त्याचा डोंगा पाळीखाली उलटा घालून ठेवलेला असायचा.

रीती सांगतो. पाळीवर बसून गळ कुणीही टाकावा, पण डोंगा ढिवरांचाच. पाट सुटला, बांधीत पाणी शिरलं की तिथले मुरे आणि झिंगे बायकांचे. टोपली लावून त्या धरायच्या आणि त्यात पुरुष हात घालत नसत. एकाने जाळं लावलेल्या खुंट्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. जाळं पाण्यात असताना त्या अंगाला म्हशी घालायच्या नाहीत. उन्हाळ्यात तलाव आटत आला की आजा पाट बंद करायला लावायचा. धान करपलं तरी चालेल, पण मासोळीपुरतं पाणी ठेवायचं, कारण पुढच्या पावसाळ्याचं बी त्यातच राहतं. आणि पहिल्या ओढीतली एक मोठी मरळ वाड्यावर यायची. तिला कर कुणी म्हणत नसे. आजी पानात सुपारी आणि पायलीभर तांदूळ देऊन डोंगेवाल्याला परत पाठवायची. (देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक असायचं. ते सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. ढिवराला वाड्याच्या ओसरीवर बसायला कुणी सांगत नसे.)

आमच्या घाटाची रीत निराळी. पायऱ्यांवर घरातल्या बायका आंघोळीला, धुण्याला उतरायच्या. म्हणून डोंगेवाला कहूच्या झाडाला वळसा घालण्याआधी हातातला बांबू डोंग्याच्या काठावर दोनदा वाजवायचा. टक टक. घाटावर कुणी असलं तर 'थांबा जी' म्हणायचं. तो तिथेच थांबायचा, पाठ करून. कुणी नसलं तर सरळ यायचा आणि पायऱ्यांच्या फटींतून वाघूर काढायचा. दगडाच्या कपारीत मासा जास्त, हे त्याला ठाऊक होतं. आजी सांगायची, इतक्या वर्षांत त्याला 'थांब' म्हणावं लागलं आणि तो थांबला नाही, असं एकदाही झालं नाही.

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. कायद्याने गावचे तलाव, पडीक, रान सरकारजमा झालं. राहतं घर, आवार, खाजगी विहीर मात्र मालकाकडेच राहिली. आमच्या वाड्याची मागची भिंत आणि पाण्याची कड यांच्यामध्ये कायद्याची रेघ पडली. ती नेमकी कुठून जाते हे आजाने विचारलं नाही. तो गप्प होऊन माडीवर बसला आणि तीन वर्षांत गेला.

त्यानंतरची पंधराएक वर्षं काही बदललं नाही, कारण पाण्याला किंमत नव्हती. किंमत आली ती रोहू, कटला, मृगळ यांच्या बिजाईने. हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांची पिल्लं नद्यांतून धरून आणावी लागत. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि हळूहळू बिजाई विकत मिळू लागली. मग तलाव ठेक्याने जाऊ लागले. आमच्या गावच्या ढिवरांनी सोसायटी केली, पैसे भरले, बिजाई सोडली. पैसे भरल्यावर पाळीवर गळ टाकणारं पोरगंही चोर ठरलं. कालपर्यंत ज्याला 'लागली का रे?' विचारायचे, त्याला आता हाकलायचे. यात सोसायटीची चूक काढणं सोपं आहे. कर्ज त्यांच्या डोक्यावर होतं, आमच्या नाही.

बाबुजींना हे सोसलं नाही. ढिवर आता बांबू न वाजवता घाटापाशी येतात, अशी त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. पोरवयाचे चार-पाच गडी यायचे, हसायचे, पायऱ्यांच्या तोंडाशी जाळं लावून जायचे. पण बाबुजींचं खरं दुखणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "पाणी सरकारचं असेल, पायऱ्या माझ्या आहेत. पायरी बुडाली म्हणून ती सरकारची होत नाही. माझ्या पायरीवरचं पाणी माझं." वकिलालाही त्यांनी हेच सांगितलं. मग कहूच्या झाडापासून पाण्यात दोन खुंट ठोकून काटेरी तार ओढली.

1968 च्या आश्विनात एका सकाळी तारेच्या आत जाळं लागलेलं दिसलं. बाबुजी मला एवढंच म्हणाले, "ते काढून टाक." मी सोळा वर्षांचा होतो. सोडवून काठावर ठेवता आलं असतं. मी विळा घेऊन उतरलो आणि कापलं, मधोमध, तीन ठिकाणी. सालीच्या काढ्यात बुडवून काळपट केलेलं सुती जाळं होतं ते. हाताने विणलेलं. कापताना मला मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

जाळं पोरांचं नव्हतं. डोंगेवाल्याचं होतं. तो दुपारी आला, तुकडे गोळा केले आणि पाण्यातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबू, पायऱ्या तुमच्याच हायेत जी. आमी का पायऱ्या धरून रायलो का? मासोऱ्या धरून रायलो." मी उत्तर दिलं नाही. आजी मागच्या दारात उभी होती. त्या दिवसापासून ती असेपर्यंत आमच्या घरात मासोळी शिजली नाही.

सोसायटीने तहसिलीत अर्ज केला. त्यात जाळ्याचा उल्लेख नव्हता, फक्त 'अडथळा' होता. पटवारी साखळी घेऊन आला. त्याने आमच्या आवाराच्या खुणेच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. अर्धं गाव पाळीवर उभं. मोजता मोजता साखळी नवव्या पायरीवर संपली. आवार तिथपर्यंतच. त्याखालच्या पाच पायऱ्या नकाशाप्रमाणे तलावाच्या नंबरात. आमच्या पणज्याने कधीतरी उन्हाळ्यात, तलाव आटला असताना, पायऱ्या पुढे वाढवून घेतल्या होत्या. तेव्हा तलावही त्याचाच, कोण विचारणार? म्हणजे अतिक्रमण ढिवरांचं नव्हतं, आमचं होतं. पाळीवर कुणीतरी हसलं. बाबुजी घरात निघून गेले. तार त्याच आठवड्यात निघाली.

बाबुजी 1991 मध्ये गेले. त्यानंतर मी शिसवी पेटी उघडली. वाजिब-उल-अर्जाची नक्कल कापडात गुंडाळलेली होती. माशांविषयी तीनच ओळी. गावचे ढिवर सगळ्या तलावात मासे धरतील. मालगुजाराच्या घाटावरही धरतील. मात्र घाटावर बायका असताना जाणार नाहीत. ती टक टक लिहिलेली नव्हती, पण तिचं कारण लिहिलेलं होतं. ओळीच्या बाजूला पेन्सिलची उभी रेघ आणि बाबुजींच्या अक्षरात साल: 1968.

त्यांना ठाऊक होतं. चौकशी चालू असताना त्यांनी हा कागद वाचला आणि परत गुंडाळून ठेवला. वकिलाच्या भाषेत त्यांची बाजू घेता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1967 मध्ये अमलात आली होती. तिच्या 165 व्या कलमात वाजिब-उल-अर्ज आहे, मासेमारीचा हक्कही आहे, पण जे पाणी सरकारचं किंवा स्थानिक संस्थेचं नाही त्यापुरताच. तलाव सरकारजमा झाला तेव्हाच त्या तीन ओळींचा जोर गेला होता. कागद दाखवण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. हे खरं आहे, आणि तेवढंच खरं आहे.

डोंगेवाला तेव्हा हयात नव्हता. मी त्याच्या नातवाकडे गेलो. तो सोसायटीत होता. नक्कल त्याच्या हातात दिली, जाळ्याचंही सांगितलं. त्याला ते आधीच माहीत होतं. घरात ती गोष्ट सांगितली जात होती, विळ्यासकट. त्याने कागद वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाला, "आता याचा उपयोग नाही जी. ठेका तर जिल्हा परिषदेकडूनच घ्या लागते." मग थोडं थांबून, "पन ठेवतो." पुढच्या खेपेला गेलो तर तो सोसायटीच्या खोलीत प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला होता, ठेक्याच्या पावतीशेजारी.

आता तलावात गाळ फार आहे. कडेने बेशरम माजलाय. गवत्या मासा सोडल्यापासून पाण्यातल्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आडोशाने राहणारे देशी मासेही कमी झाले. आमच्या भागात काही गावांत ढिवर बायकांनी बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावायला घेतल्या आहेत. आमच्या सोसायटीतही त्याची बोलणी चालू आहेत. पायऱ्यांच्या कपारीत अजून वाघूर मिळते म्हणून घाटाकडचा भाग त्यांनी बिनजाळ्याचा ठेवायचं ठरवलंय, बी राहावं म्हणून. मला विचारायला आले होते. मी म्हटलं, खालच्या पाच तुमच्याच आहेत.

डोंगा कधीच मोडला. नातू ट्रकच्या ट्यूबवर बसून येतो. ट्यूबवर बांबू वाजत नाही. म्हणून कहूच्या झाडापाशी आला की तो दोनदा खाकरतो.