लखनौच्या दोन कांस्यमूर्ती

गेल्या काही वर्षांत जानेवारीच्या २४ तारखेला, म्हणजे उत्तर प्रदेश राज्याच्या स्थापनादिनी, लखनौ येथे जो सरकारी समारंभ होत आला आहे, त्यात त्या प्रांतातील निवडक खेळाडूंना दोन प्रकारच्या कांस्यमूर्ती दिल्या जातात. पुरुष खेळाडूस मिळते ती लक्ष्मणाची, आणि स्त्री खेळाडूस मिळते ती राणी लक्ष्मीबाईची. मूर्तीसोबत प्रशस्तिपत्र आणि तीन लक्ष अकरा सहस्र रुपये असतात. परंतु रक्कम खर्च होऊन गेल्यावर आणि प्रशस्तिपत्राचा कागद पिवळा पडल्यावरही घरातील फडताळावर जी राहते, आणि आल्यागेल्या पाहुण्याला जिचा इतिहास आई-बाप सांगतात, ती ही मूर्तीच होय. या पुरस्कारांच्या वृत्तान्ताकडे मराठी वाचकाने केवळ परप्रांतीची बातमी म्हणून पाहू नये, असे मला वाटते. कारण यांपैकी एक नाव आपल्या घरचे आहे, आणि दुसऱ्या नावाच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहतो तोही आपल्या घरचाच आहे.

प्रथम नावांविषयी. लखनौ हे मूळचे लक्ष्मणपुरी, रामचंद्रांनी आपल्या धाकट्या बंधूस दिलेले नगर, अशी तेथील लोकपरंपरा आहे. नगराच्या नावाचा अभिमान म्हणून लक्ष्मणाचे नाव पुरस्कारास दिले गेले असणे स्वाभाविक आहे. तथापि मला त्यात एक अधिक खोल औचित्य दिसते. राज्य ज्याला मिळावयाचे नव्हते आणि वनवास ज्याला सांगितलेला नव्हता, तो पुरुष केवळ आपल्या ओढीने निघाला आणि चौदा वर्षे जागला. वेतनावाचून, आज्ञेवाचून आणि फलाच्या अपेक्षेवाचून केलेल्या परिश्रमाचे याहून मोठे उदाहरण आपल्या पुराणांत शोधूनही सापडणार नाही. आणि हौशी खेळाडू म्हणून ज्याला म्हणतात, त्याचे लक्षण तरी याहून निराळे काय आहे?

राणी लक्ष्मीबाईचे नाव मात्र पुराणातून नव्हे, इतिहासातून आले आहे. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसरे बाजीराव आठ लक्ष रुपयांची वार्षिक नेमणूक स्वीकारून गंगातीरी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहिले, तेव्हा त्यांच्यामागून जो मराठी परिवार तिकडे गेला, त्यात कारकून, भिक्षुक, आश्रित यांच्याबरोबर तालमीची विद्याही गेली. नाशिक जिल्ह्यातील कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर यांनी निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून त्यांपैकी एकाला चीत केले, आणि त्या तयारीतून मल्लखांबाची विद्या नव्याने उभी राहिली, अशी कथा व्यायामशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ही विद्या बाजीरावांच्या आश्रयाने वाढली, आणि लखनौहून कानपूरच्या वाटेने एका दिवसात जाऊन येण्याजोग्या बिठूरात जाऊन रुजली. तेथेच मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका वाढली.

ती पुढे झाशीची राणी झाल्यावरही तालीम सुटली नाही, याला एका मराठी माणसाची डोळ्यांदेखतची साक्ष आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेले असता बंडाच्या धामधुमीत सापडले आणि काही काळ झाशीत राहिले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, जो चिंतामणराव वैद्यांनी पुढे १९०७ साली प्रसिद्ध केला, बाईसाहेबांच्या दिनचर्येचे वर्णन आहे. पहाटे उठावे, मल्लखांबाशी जावे, अंग मोडून व्यायाम करावा आणि मग घोडा फेरावयास घ्यावा, असा तो क्रम होता. गोडसेभटजींना ती गोष्ट विशेष वाटली म्हणून त्यांनी ती टिपली. परकर-पातळातील एका तरुण विधवेने मल्लखांबाला हात घालावा, याचे त्या काळी आश्चर्य वाटणे साहजिक होते. १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरपाशी त्या घोड्यावरूनच तिचा अंत झाला. आज गोरखपूरकडच्या किंवा मेरठकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीच्या हातात तिची मूर्ती दिली जाते, तेव्हा ज्या गुणासाठी ती दिली जाते तो गुण त्या मूर्तीच्या जीवनात प्रत्यक्ष होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुरस्कारांना थोरांची नावे देण्याची चाल सर्वत्र आहे. पण नाव आणि काम यांचा असा मेळ क्वचितच जुळतो.

पूर्वी बलोपासकाचा मान राजाच्या घरी होत असे. पेशव्यांच्या दरबारी पहिलवानाला सोन्याचे कडे, शेला-पागोटे मिळे. अवधच्या नवाबीत खिलतीचा रिवाज होता. आणि दोन्हीकडे मानाबरोबर खुराकाची तरतूद असे. १८१८ मध्ये पुण्याचा, आणि १८५६ मध्ये वाजिद अली शाहांना पदच्युत केल्यावर लखनौचा, असे हे दोन्ही आश्रय चाळीस वर्षांच्या आत नाहीसे झाले. त्यानंतर खेळाडूला पोसणार कोण, हा प्रश्न उत्पन्न झाला, आणि त्याचे उत्तर नव्या अमदानीने पलटण, रेल्वे व पोलीस या तीन खात्यांच्या रूपाने दिले. लक्ष्मीबाईच्याच झाशीत ज्यांचे घर होते ते ध्यानचंद हे पलटणीतील शिपाई म्हणूनच हॉकी शिकले. म्हणजे मनुष्य नोकरी करणार लष्कराची किंवा आगगाडीची, आणि खेळणार उरलेल्या वेळात. त्या काळचा ऑलिंपिकचा दंडकही असा कडक होता, की बेसबॉल खेळून थोडेसे पैसे घेतल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या जिम थॉर्पची पदके १९१३ साली काढून घेण्यात आली, आणि ती परत मिळावयास १९८२ साल उजाडले. तोवर थॉर्प निवर्तून एकोणतीस वर्षे झाली होती. ज्याला खेळाचे मोल घेण्याची मनाई आहे त्याला द्यावयाचे ते मानाच्या रूपानेच देणे शक्य असते, आणि म्हणून हौशी खेळाडूंच्या पुरस्कारांना जे महत्त्व आहे ते धंदेवाईक खेळाडूंच्या पुरस्कारांना कधीही येणार नाही.

हा मान वेळेवर मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर किती मोठे असते, हे दाखविणारी दोन माणसे एकाच गावी, एकाच आठवड्यात आपल्यासमोर उभी राहिली होती. ते गाव हेल्सिंकी आणि ते वर्ष १९५२. २३ जुलै रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटाच्या कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा सहा विरुद्ध एक असा पराभव करून सुवर्णपदक राखले, आणि त्या संघाचे नायक होते लखनौच्या शेजारच्या बाराबंकीचे कुंवर दिग्विजयसिंह, ज्यांना सारा देश के. डी. सिंह ‘बाबू’ म्हणून ओळखतो.

बाबूंना पुढच्याच वर्षी हेल्म्स चषक मिळाला. या चषकाची हकिकतही मनोरंजक आहे. पॉल हेल्म्स हे लॉस एंजेलिसचे एक पावरोटीचे कारखानदार. १९३२ साली त्या शहरात ऑलिंपिक भरले तेव्हा खेळाडूंना पाव पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९३६ साली त्यांनी एक प्रतिष्ठान काढले, आणि आपल्या मुलखातील, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातील, हौशी खेळाडूंचा सन्मान करण्याचा परिपाठ सुरू केला. तोच पुढे वाढत जाऊन प्रत्येक खंडातील श्रेष्ठ हौशी खेळाडूला गौरविण्यापर्यंत पोहोचला, आणि त्या ओघात आशिया खंडातील मान बाराबंकीच्या या गृहस्थाकडे आला. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हजरतगंजाजवळ १९५७ साली उभ्या राहिलेल्या लखनौच्या मध्यवर्ती क्रीडांगणाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, आणि आज कोणताही लखनौकर त्या जागेला ‘केडी सिंग बाबू’ यापलीकडे दुसऱ्या नावाने ओळखत नाही. राज्याच्या क्रीडा खात्याचे दप्तरही त्याच आवारात आहे. म्हणजे लक्ष्मण आणि लक्ष्मीबाई यांच्या नावाच्या पुरस्कारांचे कागद ज्या छताखाली फिरतात, त्या छतावरही एका हौशी खेळाडूचेच नाव आहे.

खाशाबांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण ती ठाऊक असण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिचा सल बोथट झाला आहे. हेल्सिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा कऱ्हाडच्या स्थानकावर उतरले, तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पायी पाव तासाची वाट तुडवावयास तिला सात तास लागले. तो देखावा डोळ्यांपुढे आणावा: बैलांच्या शिंगांना शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा, ढोल-हलगीचा गजर, आणि मधोमध अंगाने लहानखुरा असा तो गडी. गावाने आपले काम केले. त्यात कसूर केली नाही. त्यानंतर या मल्लाने काय केले? त्याने कुस्त्यांची मैदाने भरवून खर्डेकरांचे घर सोडविले. १९५५ साली तो पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाला आणि सेवानिवृत्तीपर्यंत नोकरी करीत राहिला. हेल्सिंकीत त्याच्यामागोमाग चोवीस तासांनी जिंकलेल्या संघाच्या नायकाला चषक, पदवी आणि क्रीडांगण असे तिहेरी मान मिळाले. आपल्या मल्लाला बैलगाड्या मिळाल्या, त्यांनंतर कितीएक वर्षे काही नाही. बाबूंना मिळाले त्यातला कणही अनाठायी नव्हता. उणे होते ते दुसऱ्या पारड्यात.

लखनौनेही आपल्या खेळाडूंना सदैव सांभाळले, असे म्हणता येत नाही. रेल्वेची नोकरी करून बॅडमिंटनचे राष्ट्रीय अजिंक्यपद ओळीने आठ वेळा जिंकणारे आणि १९८२ साली ब्रिस्बेन येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे सय्यद मोदी यांच्यावर २८ जुलै १९८८ च्या सायंकाळी, सराव आटोपून त्या बाबू क्रीडांगणाबाहेर पडत असता, गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते तेथेच गतप्राण झाले. त्यांच्या नावाची स्पर्धा लखनौत दरवर्षी भरते आणि जगभरचे खेळाडू तिला येतात. शहराने त्यांचे नाव टाकले नाही, एवढे समाधान.

लक्ष्मण आणि लक्ष्मीबाई पुरस्कारांच्या योजनेतील एक कलम मात्र मला सर्वांत अधिक मोलाचे वाटते, आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रांत त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सामान्य वर्गाबरोबरच तेथे वयोवृद्ध खेळाडूंचाही एक स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. यंदा जो धावला त्याला यंदा मान देणे सोपे असते, कारण त्याचे नाव ताजे असते. परंतु ज्याने तीस वर्षांपूर्वी पायांची चाळण करून घेतली, ज्याच्या काळी पुरस्कार नव्हता किंवा ज्याचा अर्ज कोणा कारकुनाच्या बासनात अडकून राहिला, त्याला शोधून काढून, हाताला धरून व्यासपीठावर आणण्याची सोय करणे, ही त्या योजनेच्या कर्त्यांची सहृदयता होय. सरकारी पुरस्कारात अर्ज, शिफारस, छाननी हे सोपस्कार असावयाचेच. दप्तराला माणूस कागदावाचून दिसत नाही. आणि जो खरा हौशी असतो तो अर्ज करण्यात नेमका कच्चा असतो. हा दोष लखनौचा नाही, की मुंबईचा नाही. तो या पद्धतीच्या मुळाशीच आहे, आणि त्यावर उपाय एकच, की ज्याच्यासाठी अर्ज करावयाचा त्याने नव्हे, तर त्याच्या गावाने, तालमीने, शाळेने तो करावा.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी आहे, की आपल्या गावच्या तालमीत, खो-खोच्या मैदानावर किंवा पोलीस वसाहतीत जो कोणी वृद्ध खेळाडू आज गुडघे धरून बसला असेल, त्याची कात्रणे, प्रमाणपत्रे आणि साक्षी तो हयात आहे तोवर गोळा करून ठेवाव्यात. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० मध्ये सुरू झाला. खाशाबा जाधव १९८४ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे त्यानंतर चौदा वर्षे, याच राज्यात हयात होते. तो पुरस्कार त्यांना १९९२-९३ सालचा म्हणून मरणोत्तर देण्यात आला.