फाणित : दाट रसाचा विस्मृत शब्द

उसाचा रस आटवून दाट केला, पण त्याचा गूळ होऊ दिला नाही, तर जो पातळसर पाक मिळतो त्याला संस्कृतात ‘फाणित’ म्हणत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कोष्ठागाराच्या प्रकरणात, फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड, शर्करा असा क्रम येतो. दाट द्रवापासून स्फटिकापर्यंतच्या साऱ्या अवस्थांना स्वतंत्र नावे होती.

पुढे हा शब्द पश्चिमेकडे गेला. फारसीत तो ‘पानीद’ झाला, अरबीत ‘फानीद’, तर मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पेनिडियम’. या प्रवासात त्याचा अर्थच गोठला : युरोपात ते औषधी, पीळदार साखरकांड्यांचे नाव ठरले.

मायभूमीत उलट घडले. शर्करेची ‘साखर’ होऊन ती मराठीत नांदली. फाणित मात्र वैद्यकग्रंथांपुरते उरले. पदार्थ टिकला, नाव पालटले. गुऱ्हाळावर आज त्याला काकवी म्हणतात.