सर्व्हर गेला, तरी काम गेलं नव्हतं

  या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांचा आणि मोहिमांचा इतिहास बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. संगणकातल्या एका व्यवस्थेचा इतिहास सांगणार आहे. नाव एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात माझी स्वतःची एक चूक अडकलेली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. ठिकाण सांगत नाही. माझ्या हाताखाली युनिक्सवर चालणारी सात-आठ वर्कस्टेशनं होती आणि सगळ्यांच्या फाइली एका सर्व्हरवर. एका दुपारी वीज गेली. वर्कस्टेशनं बॅटरीवर तगली, सर्व्हर मात्र बंद पडला. सगळे पडदे जागच्या जागी थिजले. वर एकच ओळ: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. साताऱ्याकडचा एक हवालदार सकाळपासून भांडाराच्या नोंदी भरत होता आणि त्याने नुकतंच सेव्ह केलं होतं. तो म्हणाला, "साहेब, थोडं थांबू या का? प्रयत्न चालू आहे म्हणतंय." मला थांबणं माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी मी हुकूम सोडला, सगळी मशिनं बंद करून पुन्हा चालू करा.

वीस मिनिटांनी सर्व्हर आला. हवालदाराचं सकाळपासूनचं काम गेलं होतं. कोपऱ्यातल्या खोलीतलं एक मशिन मात्र बंद करायचं राहून गेलं होतं. त्याच्यावर ओळ उमटली, सर्व्हर ठीक आहे, आणि ते जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागलं. एक अक्षरही गेलं नव्हतं. असं का झालं, हे समजायला मला काही वर्षं लागली. त्यासाठी १९८४ सालात जावं लागतं.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. संस्थापक चौघे: विनोद खोसला, अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय. यातले खोसला हे एका भारतीय लष्करी अधिकाऱ्याचे चिरंजीव, जन्म १९५५ चा, आपल्या पुण्यातला. कंपनी वर्कस्टेशनं बनवायची. त्या काळी डिस्क महाग होती. प्रत्येक टेबलावर डिस्क देण्यापेक्षा एका सर्व्हरवर मोठी डिस्क ठेवावी आणि बाकीच्यांनी ती तारेवरून वापरावी, हा विचार त्यातून आला. अट अशी की वापरणाऱ्याला फरक कळू नये. फाइल जवळ असो की लांब, प्रोग्रॅमला ती सारखीच दिसावी.

मार्च १९८४ मध्ये काम सुरू झालं. सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लायमन, वॉल्श आणि लायन या पाच जणांनी १९८५ च्या उन्हाळ्यात युझनिक्स परिषदेत त्याचा निबंध मांडला. त्याच वर्षी एनएफएस बाजारात आलं.

आता अडचण काय होती ते बघा. युनिक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आमच्या कर्नलसाहेबांशी त्याचा काही संबंध नाही, इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे. या कर्नलमध्ये प्रत्येक फाइलसाठी आयनोड नावाची एक नोंद असे: फाइल केवढी, मालक कोण, डिस्कवर कुठल्या कप्प्यात. म्हणजे फाइल डिस्कवरच असणार, हे कर्नलने गृहीतच धरलेलं. लांबच्या फाइलीला त्यात जागा नव्हती.

त्यांनी आयनोडच्या वर आणखी एक नोंद ठेवली, व्हीनोड. व्ही म्हणजे व्हर्च्युअल. व्हीनोडमध्ये मुख्य गोष्टी मोजक्या. किती जण ही फाइल वापरताहेत त्याचा आकडा. ती कुठल्या फाइल सिस्टिममधली आहे त्याची खूण. उघडणे, वाचणे, लिहिणे, पुसणे ही कामं कोणाकडून करून घ्यायची, त्याचा तक्ता. आणि एक खासगी कप्पा. फाइल जवळच्या डिस्कवर असेल तर त्या कप्प्यात जुनाच आयनोड. फाइल लांब असेल तर आरनोड, म्हणजे रिमोट नोड. वरून हुकूम एकच, 'वाच'. कोणी कसं वाचायचं ते तक्ता ठरवतो. फौजेत ब्रिगेडचा हुकूम एकच असतो, पण पायदळ तो पायदळाच्या रीतीने पाळतं आणि तोफखाना आपल्या रीतीने, तसंच हे.

हा आरनोड आपल्या गोष्टीचा नायक. त्याच्या पोटात काय असतं? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फाइल हँडल. पहिल्या जाहीर आवृत्तीत, म्हणजे आवृत्ती २ मध्ये, हे हँडल बरोबर ३२ बाइटांचं. ते सर्व्हर बनवतो आणि क्लायंटला देतो. क्लायंटने ते उघडून बघायचं नाही, अर्थ लावायचा नाही, फक्त जपून ठेवायचं आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत दाखवायचं.

ज्यांच्या घरचं कोणी फौजेत आहे त्यांना हे लगेच कळेल. गावाकडून आई पत्र लिहिते तेव्हा पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ' एवढंच असतं. पलटण नक्की कुठे आहे, हे तिला ठाऊक नसतं, आणि असायची गरजही नसते. पत्ता टपाल खात्याला कळतो, म्हणून पत्र पोहोचतं. फाइल हँडल म्हणजे हा पत्ता.

सर्व्हर त्या हँडलमध्ये साधारणपणे तीन गोष्टी भरतो: फाइल सिस्टिमची ओळख, आयनोड क्रमांक आणि पिढी क्रमांक. पिढी कशाला? फाइल पुसली की तिचा आयनोड क्रमांक रिकामा होतो आणि दुसऱ्या फाइलीला मिळतो. बराकीतली चौदा नंबरची खाट रिकामी झाली, नवा जवान आला. जुन्याचं पत्र नव्याने फोडू नये, म्हणून दर वेळी पिढी बदलायची. जुनं हँडल घेऊन कोणी आलं की सर्व्हर सांगतो, हे हँडल शिळं झालं.

आरनोडमध्ये आणखी काय? फाइलीचा आकार, तारखा, परवानग्या यांची एक नक्कल, आणि ती किती वेळ खरी मानायची याची मुदत. सर्वसाधारण मुदत साध्या फाइलीसाठी किमान ३ सेकंद, डिरेक्टरीसाठी ३०. दर वेळी सर्व्हरला विचारलं तर तार तुंबेल, कधीच विचारलं नाही तर शिळी माहिती खरी वाटेल. म्हणून ही तडजोड. शिवाय अजून न पाठवलेलं लिखाण बाकी आहे का याची खूण, आणि मागे पाठवलेल्या लिखाणात काही चूक झाली असेल तर तिची नोंद. ती चूक फाइल बंद करताना सांगितली जाते. म्हणून जाणते प्रोग्रॅमर फाइल बंद करतानाचं उत्तरही तपासतात.

हे सगळं क्लायंटकडेच का? कारण सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही. कोणी कुठली फाइल उघडली, कुठपर्यंत वाचली, त्याच्या दप्तरी नोंद नाही. क्लायंट 'पुढचं वाच' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, 'या हँडलची फाइल, बाइट ८१९२ पासून एवढे बाइट दे.' प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण. आम्ही वायरलेसवर शिकवायचो, संदेश असा द्या की आधीचा संदेश ऐकला नसला तरी समोरच्याला कळला पाहिजे. तोच हा नियम.

याचा फायदा सर्व्हर कोसळल्यावर दिसतो. सर्व्हरला काही आठवत नसल्यामुळे विसरण्यासारखंही त्याच्याकडे काही नाही. क्लायंट तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवतो, दर खेपेला जरा जास्त थांबून. सर्व्हर मेला की नुसता सुस्तावला, हे क्लायंटला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. त्याच जागी तेच बाइट दोनदा लिहिले तर बिघडत काहीच नाही. पुसण्याचं तसं नाही. पहिली विनंती पोहोचली, उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्यांदा 'फाइलच नाही' असं उत्तर येतं. त्यासाठी प्रत्येक विनंतीला अनुक्रमांक असतो, आणि पुढे सर्व्हरांनी अलीकडच्या विनंत्यांची छोटी वही ठेवायला सुरुवात केली.

आणखी एक गंमत. युनिक्समध्ये उघडी फाइल पुसली तरी ज्याच्याकडे ती उघडी आहे त्याला ती वाचता येते. पण सर्व्हरला कोण उघडून बसलंय हे माहीतच नाही! मग क्लायंट युक्ती करतो. पुसण्याऐवजी फाइलीचं नाव बदलून टिंब आणि एनएफएस या अक्षरांनी सुरू होणारं नाव देतो, आणि शेवटचा वापरणारा गेला की खरोखर पुसतो. कारागीर स्वतःच तिला 'वेडगळ नामांतर' म्हणतात.

आता माझ्या चुकीकडे. मशिन जोडताना दोन पर्याय असतात. 'सॉफ्ट' म्हणजे ठरावीक प्रयत्नांनंतर हात टेकायचे आणि प्रोग्रॅमला चूक कळवायची. 'हार्ड' म्हणजे सर्व्हर येईपर्यंत प्रयत्न सोडायचे नाहीत. आमची जोडणी हार्ड होती. त्या दुपारी हवालदाराच्या नोंदी सर्व्हरवर नव्हत्या. डिस्कवर नव्हत्या. त्या त्याच्या मशिनच्या मेमरीत होत्या, आरनोडवर 'लिखाण बाकी' अशी खूण घेऊन. जगात त्यांची तेवढी एकच प्रत होती. पडदा थिजलेला दिसत होता, पण आत मशिन आपलं काम चोख करत होतं. ती प्रत मी माझ्या हुकमाने पुसली.

पुढच्या आवृत्तीने हीच गोष्ट नियमात घातली. आवृत्ती २ मध्ये सर्व्हरने डिस्कवर लिहून झाल्यावरच 'झालं' म्हणायचं, त्यामुळे काम संथ. १९९५ च्या आवृत्ती ३ मध्ये सर्व्हर आधी 'घेतलं' म्हणू शकतो, आणि क्लायंट नंतर 'पक्कं कर' असा हुकूम देतो. पक्कं झाल्याचं उत्तर येईपर्यंत क्लायंटने आपली प्रत फेकायची नाही. सर्व्हर अशा प्रत्येक उत्तरात ८ बाइटांची एक खूण देतो. मध्ये तो बंद पडून पुन्हा उठला तर खूण बदलते, आणि क्लायंट समजतो, की सगळं पुन्हा पाठवायचं. आवृत्ती ४ चा मसुदा २००० मध्ये आला, तेव्हा मात्र सर्व्हरने थोडं लक्षात ठेवायचं मान्य केलं, कारण कुलपं सांभाळायची होती. तरीही सर्व्हर उठल्यावर सवलतीचा काळ असतो. त्यात क्लायंट येऊन सांगतात, हे कुलूप माझं होतं, आणि सर्व्हर आपली वही त्यांच्या आठवणीवरून पुन्हा भरतो.

लिनक्समध्ये एनएफएसचा क्लायंट १९९२ पासून आहे. तिथे रचना थोडी वेगळी. व्हीनोडऐवजी सगळ्यांना सामाईक असलेला आयनोड, आणि तो एनएफएसच्या मोठ्या नोंदीच्या पोटात ठेवलेला. शेजारी हँडल, मुदती, बाकी लिखाण. नावं बदलली, पण कोणी काय जपायचं ती वाटणी बरीचशी तीच.

त्या संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, 'सर्व्हरमधील बिघाडामुळे नोंदी नष्ट.' ते खोटं होतं. सर्व्हरमुळे एकही नोंद गेली नव्हती. हवालदार रात्री अकरापर्यंत बसून सगळं पुन्हा भरत होता आणि एका शब्दाने बोलला नाही. पुढे मला खरं कारण कळलं तेव्हा तो निवृत्त होऊन गावी गेला होता. मी त्याला पत्र लिहिलं, तुमचं बरोबर होतं, थांबायला हवं होतं. उत्तर आलं, दोनच ओळींचं. त्यातली एक पावसाबद्दल होती आणि दुसरी, 'साहेब, मशिन सांगतच होतं.'

तेव्हा मंडळी, तुमच्या पडद्यावर कधी 'अजून प्रयत्न चालू आहे' असं दिसलं, तर बटणाकडे हात नेण्याआधी एवढं विचारा: माझं काम या घडीला नक्की कुठे आहे? उत्तर 'याच मशिनमध्ये' असेल, तर चहा घेऊन या. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.